शेजारची भट्टी

बाजाराच्या थांब्यावर, भर गर्दीत, प्रोकोप आंद्रेइविच दोन्ही मुठी छातीसमोर धरून हवा पिळत होते. मी ट्रॉलीबसमध्ये होते. काचेवर बर्फाची साय धरली होती, ती मी हातमोज्यानं पुसली ती आपण कुठं आलो एवढं बघायला, आणि समोर हे. कानटोपी मागं घसरलेली, कोटाची वरची दोन बटणं उघडी, सत्तरी ओलांडलेला माणूस उजवी मूठ पुढं आणि डावी मागं फिरवतो आहे, फिरवता फिरवता दोन्ही मुठी एकमेकींपासून अलगद दूर नेतो आहे. शेजारी कोबी विकणारी बाई त्यांच्याकडे बघून हसत होती. तिला ते वेडं वाटलं असणार. मला नाही वाटलं, कारण त्या दोन मुठींमध्ये काय आहे ते मला दिसत होतं. क्वार्ट्झची नळी. ज्योतीखाली पांढरीशुभ्र झालेली, मधासारखी मऊ पडलेली, आतली हवा पंपानं ओढून घेतलेली. ती नेमकी त्या क्षणी पिळून तोडायची असते. नुसती ओढली तर टोकाला केसाएवढं भोक राहतं आणि महिन्याची मेहनत हवेत जाते. हा पीळ त्यांनी मला शिकवला होता. मलाच. नंतर एवढी पोरं आली आणि गेली, कोणाला त्यांनी तो शिकवला नाही, "जमेल तसं तोडा," म्हणायचे. आणि आता त्यांच्यासमोर सोरिना उभी होती, आमच्या प्रयोगशाळेतली नवी पोरगी. तिनं हातातली पिशवी बर्फात टाकली, आपल्या लाल हातमोज्यांच्या मुठी वर धरल्या आणि हवा पिळली. त्यांनी मान हलवली. नाही, असं नाही. तिनं परत पिळली. ट्रॉलीबस निघाली, आणि माझा थांबा केव्हा मागं पडला ते मला कळलं नाही.

घरी गेले तेव्हा फिलिमोन, माझा नवरा, कोंबडीचं आंबट सूप ढवळत होता. चेहरा बघूनच म्हणाला, "काय, म्हातारा गेला की काय?" मी सांगितलं तर तो पळी हातात तशीच धरून हसत सुटला. "रस्त्यात हात हलवत होते? बस्स? ऑरिका, सव्वीस वर्षांच्या संसारात नवऱ्यावरून कधी इतकी जळली नाहीस तू. तेव्हा तर दुधाच्या दुकानातल्या त्या ल्यूबानं मला चक्क घरी बोलावलं होतं." मी म्हटलं, "तू गेला असतास तर परत पाठवलं असतं तिनं." "तेही खरं," तो म्हणाला आणि माझ्यापुढं वाडगा ठेवला. मला चव लागली नाही. त्याला कसं सांगणार की यात प्रेमबीम काही नाही, आणि जे आहे ते प्रेमापेक्षा सोपं मुळीच नाही. ईस्टर झालं की प्रोकोप आंद्रेइविच इटलीत, बोलोन्याला मुलीकडे जाणार, कायमचे. आमच्या संशोधन संस्थेकडे आता इतकाच पैसा की स्फटिक वाढवायच्या खोलीत एकच माणूस राहील. मी की सोरिना, ते संचालक ठरवणार, पण संचालक प्रोकोप आंद्रेइविचना विचारणार हे दाराशी बसणाऱ्या पहारेकऱ्यालासुद्धा ठाऊक आहे. मला इतके दिवस त्याची काळजी नव्हती. मला वाटत होतं की माझ्याकडे एक गोष्ट आहे जी कोणाकडे नाही.

चोवीस वर्षांची होते तेव्हा मी. तेव्हा खोलीत सहा भट्ट्या होत्या, मॉस्कोहून क्वार्ट्झ पेट्यांनी यायचं आणि कॉरिडॉरमध्ये कायम कोणीतरी कोणाशी तरी वाद घालत असायचं. ते माझ्या मागं उभे राहिले आणि मागून माझी दोन्ही मनगटं धरली. काळ्या चष्म्यातून जग हिरवं दिसत होतं, ज्योत फुसफुसत होती, मानेवर त्यांच्या श्वासाला तंबाखूचा आणि बडीशेपेचा वास होता. "थांब," ते म्हणाले, "थांब, थांब, काचच सांगेल तुला." आणि काचेनं खरंच सांगितलं. हाताखालचं काहीतरी कडक असल्याचं थांबलं. त्यांनी माझी मनगटं फिरवली, नळी सुटली, टोकाला डुकराच्या पिल्लाच्या शेपटीसारखा वळसा राहिला. तो वळसा थंड होताना बघत मी उभी होते आणि मला रडू येत होतं. आईनं नवी द्राक्षं दाबायच्या दिवशी पहिला पेला नेहमी धाकटीला दिला, लग्नाचा गालिचा धाकटीला विणून दिला, मला म्हणायची, तू शहाणी आहेस, तुला काय द्यायचं? त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी शहाणपणाबद्दल काही दिलं होतं. पुढं इतकी वर्षं माझ्या प्रत्येक कुपीला, म्हणजे अशा तोंड बंद केलेल्या नळीला, ती शेपटी आहे. सही करायची मला गरज पडली नाही. थांब्यावर त्यांना पाहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सोरिनाच्या पंपावर एक कुपी लटकत होती, आणि तिला शेपटी होती. जरा वाकडी, जरा जाड. पण तीच.

सोरिनाबद्दल वाईट बोलावं असं काही नाही, आणि हेच मला सहन होत नाही. ती वेळेवर येते. सकाळी येताना चीजच्या गरम पोळ्या आणते आणि मोठी मला देते. मला 'मावशी' म्हणते, 'ऑरिकामावशी'. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी म्हटलं, "मी तुझ्या आईची बहीण नाही," तर म्हणते, "माझ्या आईला बहीणच नाही, बरंच झालं की!" आणि पुढं मावशीच. आमचा माल झिंक फॉस्फाइडचा. बाजारात उंदीर मारायच्या पुडीत मिळतं तेच. ओल लागली की लसणासारखा वास सुटतो, आणि तो आला की खिडक्या उघडून पळायचं. फिलिमोन सगळ्यांना सांगतो की माझी बायको उंदरांच्या औषधाचे दागिने करते. पण त्याचाच चांगला, एकसंध स्फटिक मिळाला तर तो ऊन असं पितो की त्याच्या पातळ चकतीतून सोलर सेल करता यावा, आणि जस्त काय, फॉस्फरस काय, मातीमोल किमतीचे. 'चांगला मिळाला तर' यातच प्रोकोप आंद्रेइविचचं आयुष्य गेलं. कुपीत भुकटी भरायची, हवा काढून तोंड बंद करायचं, आडव्या भट्टीत ठेवायची. गरम टोकाकडून वाफ निघते आणि थंड टोकाला जाऊन बसते. बसताना एका जागी बसली तर स्फटिक, दहा जागी बसली तर सुयांचं झुडूप. आमच्याकडे वर्षानुवर्षं झुडपं. माझी झुडपं त्यातल्या त्यात बरी.

या खोलीचा एक नियम आहे. दुसऱ्याच्या तापलेल्या भट्टीला हात लावायचा नाही. माझ्याही आधी कोणीतरी भल्या मनानं दुसऱ्याचं बटण जरासं फिरवलं होतं आणि फॉस्फरसची कुपी फुटून छतापर्यंत आग गेली होती. तो काळा डाग रंग दिला तरी वर येतो. नियम सांगून झाला की प्रोकोप आंद्रेइविच दर वेळी पुढं म्हणतात, "पण तोंड उघडायला बंदी नाही." सोरिनानं ती शेपटीवाली कुपी भट्टीत घातली तेव्हा मी माझ्या भट्टीशी होते, दोघींमध्ये एक माणूस आडवा जाईल एवढंच अंतर. भट्टीच्या दोन्ही तोंडांत न जळणाऱ्या पांढऱ्या लोकरीचा बोळा कोंबायचा असतो, उष्णता आत राहावी म्हणून. तिनं पुढचा कोंबला, मागचा कोंबला, इतक्यात कॉरिडॉरमधून त्यांनी हाक मारली, "सोरिना, ये, चहा घे, आणि ऐक, मला आणखी एक सुचलंय!" सुचलेलं ऐकवायला त्यांनी मला कधी चहाला बोलावलं होतं ते मी आठवत बसले. ती धावत गेली. भट्टी तापत गेली. दिवस लवकर मावळतो या दिवसांत. खोलीत अंधारून आलं आणि मला तिच्या भट्टीमागच्या भिंतीवर लाल कोर दिसली. मागचा बोळा बाहेर सरकला होता. पूर्ण नाही, वरच्या बाजूनं दोन बोटं, डावीकडे जरा जास्त. त्या फटीतून आतला तांबडा उजेड भिंतीवर पडला होता. कुपीचं टोक तिथंच होतं. ते हवं त्याहून जास्त गार पडणार. तापमान मोजायची तार मध्यभागी असते, त्यामुळे आकड्यात काहीच दिसणार नव्हतं. म्हणजे गेली ती कुपी, मला वाटलं.

मी अर्धा तास ती कोर बघत राहिले, मग कोट घातला. बटणं लावली, सावकाश. ती चहाचा कप घेऊन परत आली, गाल तापलेले, डोळे चमकत होते. "मावशी, निघालात? भट्टी ठीक आहे ना माझी?" विचारताना ती आकड्याकडे बघत होती, भिंतीकडे नाही, आणि तेवढ्यात तिनं दिवा लावला. ट्यूबच्या उजेडात कोर पुसली गेली. मी म्हटलं, "मी कशाला हात लावते तुझ्या भट्टीला?" "तसं नाही हो, तुमची नजर म्हणून विचारलं." "आकडा बरोबर आहे," मी म्हणाले. खोटं नव्हतं ते. जिना उतरताना मला इतकं हलकं वाटलं की मी कठड्याला धरलं. नियम मोडला नाही, खोटं बोलले नाही, आणि तरीही सुरीचं पातं बोटानं पारखल्यासारखी एक बारीक गोडी जिभेखाली होती. शनिवारी मी घर धुतलं, पडदे उतरवले, फिलिमोनच्या आईला फोन केला, जो मी एरवी करत नाही. फिलिमोन म्हणाला, "एवढी खूश का आहेस? भीती वाटते." त्या भट्टीत काय चाललं असेल ते मला दर तासाला आठवत होतं, दात दुखतो तसं, जीभ पुन्हा पुन्हा तिथंच जाते. झुडूपसुद्धा नाही येणार, मला वाटायचं, नुसती काजळी येईल. मग ते तिला म्हणतील, राहू दे, हे ऑरिकाचं काम आहे.

कुपी फोडली तेव्हा आम्ही तिघंच होतो. सोरिनानं बोळे ओढून जमिनीवर टाकले, तिचं लक्ष फक्त कुपीवर होतं. काच तडकली, खिडक्या उघड्या असूनही लसणाचा वास आला, आणि टेबलावरच्या कापडावर जे पडलं त्याच्यावर आम्ही तिघंही वाकलो. अंगठ्याच्या नखाएवढी चकती. एकच. करडी, पाणी दिल्यासारखी गुळगुळीत, कडा सरळ. प्रोकोप आंद्रेइविचनी भिंग काढलं, परत ठेवलं, चष्मा पुसला, परत काढलं. मग सोरिनाचं डोकं दोन्ही हातांनी धरून कपाळावर ओठ टेकले आणि म्हणाले, "हात बसला तुझा, पोरी. बसला." मला ते असं कधी म्हणाले नव्हते. मला 'बरं' म्हणायचे. आठवड्याभरात मॅग्नेशियमचा थर देऊन त्याचा छोटासा सेल केला, दिव्याखाली धरला, काटा असा वर गेला की त्यांनी मीटर बदलून पाहिला. त्यांच्या गावची काळी वाइन कपातून प्यायलो. सोरिना माझ्या गळ्यात पडली. तिच्या केसांना पोळ्यांचा वास होता. मी तिच्या पाठीवर थोपटत होते आणि तिच्या खांद्यावरून भट्टीमागची भिंत दिसत होती. ती आता नुसती भिंत होती. मी मनात म्हणत होते, तुझा नाही ग हात बसला, बोळा बसला नाही तुझा. आणि हे जगात फक्त मला ठाऊक आहे. काय करायचं या ठाऊक असण्याचं?

कारण पुढचा प्रयोग फसला. त्याच्या पुढचाही. एकदा जमलेला स्फटिक म्हणजे आमच्या धंद्यात काहीच नाही. तो पुन्हा आला पाहिजे, तसाच, नाहीतर लोक मान हलवून बाजूला होतात. सोरिनानं तीच भुकटी घेतली, तेच वजन, तीच शेपटी, आणि आता ती इतकी सांभाळून काम करायची की बोळे लाकडाच्या दांड्यानं ठोकून ठोकून बसवायची. झुडपं आली. मी शेजारी उभी राहून बघत होते आणि पहिले काही दिवस मला छान झोप लागली, हे सांगायला मला लाज वाटत नाही. मग प्रोकोप आंद्रेइविच कोमेजायला लागले. जिन्यात दोनदा थांबायचे. मुलीनं तिकीट काढलं होतं. एक दिवस माझ्या टेबलाशी येऊन बसले, टोपी गुडघ्यावर, म्हणाले, "ऑरिका, मी तो परत बघितल्याशिवाय जायचं म्हणजे... लग्नात नवरी दाखवली आणि झाकून नेली. तू बघ ना जरा." "मी काय बघू?" "तुला सगळं दिसतं." मी म्हटलं, "ज्याचा हात बसलाय त्यानं बघावं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. टोमणा त्यांना कळला, तो का मारला ते कळलं नाही. "म्हातारा झालो ग," एवढंच म्हणाले. ते गेल्यावर मी माझ्या भट्टीच्या मागच्या बोळ्याला हात घातला. दोन बोटं बाहेर ओढायचा, बस्स. चकती माझी, खोली माझी, कपाळावर ओठसुद्धा माझ्या. पण ते विचारतील, का ओढलास? त्यांनी उभ्या जन्मात 'का' विचारल्याशिवाय एकही स्फटिक हातात घेतला नाही, आणि त्यांच्यासमोर मला खोटं सुचत नाही. मी हात काढून घेतला.

त्या शुक्रवारी ते डॉक्टरकडे गेले होते. सोरिना थंड भट्टीला टेकून जमिनीवर बसली होती, पाय पसरून, मांडीवर फुटलेल्या कुपीच्या काचा आणि त्यात सुया. रडून झालं होतं, नाक लाल होतं. "मावशी, मी सोडते हे," ती म्हणाली. "खोली तुमचीच आहे. मी जाते इटलीला, पादुआला, मैत्रीण म्हातारी माणसं सांभाळते तिथं, मलाही काम बघते म्हणाली." मी म्हटलं, "जा की." इतकं सोपं होतं. तिनं मान वर केली नाही. "फक्त एक कळत नाही मला. मी त्या दिवसाचं सगळं परत परत आठवलं. घाई झाली होती मला, त्यांनी हाक मारली होती, मी काहीतरी चुकले असणार असंच पहिल्यांदा वाटलं. चुकूनच जमलं असणार. पण मग म्हटलं, तुम्ही होतात ना शेजारी. चुकले असते तर तुम्ही बोलला असतात. म्हणजे मी चुकले नव्हते. म्हणून ते सगळं मी बाजूला ठेवलं, आणि भुकटी बदलते, वजन बदलते, आणि..." तिनं हात हवेत उडवले. ती माझ्यावर भरवसा ठेवून चुकत होती. माझ्या चांगुलपणाचा तिनं पुरावा केला होता, मोजमापासारखा धरून चालली होती. इतका राग मला तिचा त्या थांब्यावरसुद्धा आला नव्हता.

"चुकली होतीस," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका लागला. "मागचा बोळा बाहेर आला होता. मी पाहिलं. अर्धा तास बघत होते, आणि बोलले नाही." ती हळूहळू माझ्याकडे वळली. मी वाट बघत उभी राहिले. शिवी देईल, काच फेकून मारेल, कॉरिडॉरमध्ये ओरडत जाईल. सगळ्याला मी तयार होते, खरं तर मला ते हवं होतं. तिचं तोंड उघडं पडलं. "केवढा?" ती म्हणाली.

"काय केवढा?"

"बाहेर. केवढा बाहेर होता?"

"दोन बोटं."

"तुमची की माझी?" ती उठली, मांडीवरच्या काचा खळकन खाली पडल्या. तिनं माझा हात ओढून आपल्या हाताशेजारी धरला. माझी बोटं जाड होती, सांध्यांना सुजलेली. "तुमची. वरून की खालून?"

"वरून. डावीकडे जास्त."

"म्हणजे टोकाला एकच गार ठिपका! वरच्या अंगाला! अहो मावशी, तिथंच बसली वाफ, दुसरीकडे जागाच नव्हती तिला!" ती गुडघ्यांवर रांगत भट्टीच्या मागं शिरली, स्वेटर तारेला अडकला तर ओढून फाडला. मी तिच्या पाठीकडे बघत होते. मग म्हणाले, "ऐकलंस का मी काय सांगितलं? मी मुद्दाम गप्प बसले. तुझं वाटोळं व्हावं म्हणून."

"हो, ऐकलं ना," भट्टीमागून आवाज आला, घाईतला. "बरं झालं गप्प बसलात. बोलला असतात तर मी तो परत आत ढकलला असता." आणि मग, "इथं दिसत नाही काही. मावशी, बॅटरी धरा ना जरा."

टेबलावर बॅटरी होती. मी ती हातात घेतली. तिच्या जागी मी असते तर या बाईचं नाव आयुष्यात घेतलं नसतं. ही गोष्ट पोटात सांभाळली असती, फिलिमोनला दर रविवारी ऐकवली असती. तिला ती लागलीसुद्धा नाही. लागायला तिच्यात जागा रिकामी नव्हती. प्रोकोप आंद्रेइविचना हे किती आधी दिसलं असेल, असं मनात आलं, आणि मला तिचा हेवा वाटला, पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि या वेळी त्यात तिच्याविरुद्ध धरून बसावं असं काही नव्हतं.

"अहो हलवू नका, सावली पडते," ती म्हणाली. मी गुडघे टेकले आणि बॅटरी दोन्ही हातांनी धरली.